डोळ्यामागची चारी

थेंब डोळ्यात टाकला होता आणि कडू लागलं घशात. धाराशिवच्या स्टँडवर येडशीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, डबा मांडीवर घेतला, आणि तेव्हाच जिभेच्या मुळाशी ते कडू आलं. आधी वाटलं, चहाचं असेल. पण चहा आमच्या घरात आबांच्या, माझ्या वडिलांच्या, चवीचा होतो, पिणाऱ्याचे दात दुखतील इतका गोड. मग वाटलं, कालच्या मेथीचं. मी आवंढा गिळला, तर ते जायचं सोडून आणखी खाली उतरलं. शेजारच्या बाई मोसंबी सोलत होत्या. माझं तोंड बघून त्यांनी न विचारताच एक फोड पुढं केली. मी खाल्ली. मोसंबीच्या चवीखाली ते कडू जसंच्या तसं होतं. आणि मला आबांचा आवाज आठवला, आठ महिने रोज सकाळी कानावर पडलेला आणि मी एकदाही मनावर न घेतलेला. "श्रावस्ती, घशात कडू उतरतंय बघ." गाडी अजून सुटलीही नव्हती.

मी येडशीच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते, बावीस वर्षं झाली. डोळ्याची आकृती काढायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. पारपटल, परितारिका, भिंग, दृष्टिपटल आणि मागं दृष्टिचेतेचा देठ. नीटनेटका बंद गोळा. त्या डोळ्यातून नाकाकडं जाणारी वाट मी फळ्यावर कधी काढली नाही, कारण ती पुस्तकातल्या आकृतीत नाही आणि परीक्षेत विचारत नाहीत. खरं तर रडलं की नाक वाहतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण चार दिवसांपूर्वी सोलापूरला डोळे दाखवायला गेले, तिथं डोळ्यातला दाब वाढलाय म्हणाले, काचबिंदू बापाकडून लेकीकडं येतो म्हणाले, आणि आबांना जी बाटली आहे तीच माझ्या हातात दिली, तेव्हाही मला काही सुचलं नाही. आज सकाळी आरशासमोर उभी राहून मी पहिल्यांदा माझ्या डोळ्यात तो थेंब सोडला. पहिला गालावर ओघळल्यासारखा वाटला म्हणून दुसरा सोडला. मग डोळे मिचकावले, चांगले दहा-बारा वेळा, औषध सगळीकडं पसरावं म्हणून. आबांनाही मी तसंच करायला लावते.

गाडी सुटली आणि मी ते करायला लावणं पुन्हा पुन्हा बघू लागले. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. एका हातात पर्स, पायात चप्पल. दारात आबांना उभं करायचं, हनुवटी वर. "डोळे उघडा. मोठे. हं. आता मिचकवा. मिचकवा की." एक थेंब, आणि खात्रीसाठी आणखी एक. दुसऱ्या डोळ्यात तसेच दोन. संध्याकाळी परत तसंच. खात्रीसाठी, हा माझा शब्द. मी घरातली शिकलेली, मात्रा पूर्ण जायला हवी हे मला कळतं. आबा तोंड वाकडं करायचे. "लई कडू हाय ग," म्हणायचे. मी म्हणायचे, "आबा, डोळ्याला जीभ नसते." हे वाक्य मला फार आवडलं होतं. स्टाफरूममध्ये एकदा सांगितलंही होतं आणि सगळे हसले होते.

आबा मात्र शहाणे निघाले. कोंडिबा हे त्यांचं नाव. सबंध नोकरी त्यांनी तेरणेच्या कालव्यावर चौकीदारी केली. कुठल्या दिवशी शेतांकडं जाणाऱ्या कुठल्या चारीला पाणी सोडायचं आणि किती फेरे देऊन गेट बंद करायचं, एवढंच काम. ते एकदा म्हणाले होते, "डोळ्याला मागनं चारी हाय. तू वर पानी सोडतीस, ते टेलला, पार शेवटाला, घशात निघतंय." मी म्हणाले, "आबा, तुम्ही अजून ड्यूटीवरच आहात." ते हसले नाहीत. मी लहान असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर कालव्याला जायचे. एक दुपार आठवते. वरच्या गेटमधून पाणी नीट सोडलेलं, चारी भरून वाहत होती, आणि खालच्या शेतकऱ्याची बोंब की वाफ्यात टिपूस नाही. आबा बांधाबांधानं चालत गेले, एका जागी थांबले, आणि वाकून कान लावला. खेकड्याच्या बिळातून पाणी बांधाखालून पलीकडं चाललेलं, आणि तिकडं कुणाची तरी हातातोंडाशी आलेली ज्वारी मुळासकट बसलेली. "पानी आपुन सोडलं तिथं नसतंय, बाई," आबा म्हणाले, "गेलं तिथं असतंय." आता गाडीत मला त्या बसलेल्या ज्वारीचं शेत दिसायला लागलं आणि मी खिडकीची दांडी धरून ठेवली. हे पाणी आबांच्या आत कुठं गेलं होतं?

येडशीला उतरल्यावर मी वर्गावर गेले नाही. स्टाफरूममध्ये बसून स्वतःची नाडी धरली. दर वर्षी आठवीच्या पोरांना नाडी मोजायला शिकवताना मी माझा आकडा फळ्यावर लिहिते. अठ्ठ्याहत्तर, कधी ऐंशी. आज छप्पन्न भरली. चुकली असेल म्हणून परत मोजली. पंचावन्न. मनगटाखाली एक ठोका यायचा, मग इतका वेळ काहीच नाही की मी पुढच्या ठोक्याकडं कान लावून बसायचे. मी भित्री आहे, हे शाळेत कुणाला खरं वाटणार नाही, तिथं पोरं मला भितात. पण त्या दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेत मला घाम फुटला. मोबाईल काढला, बाटलीवरचं औषधाचं नाव टाकलं. गणिताचे कुमार सर पलीकडं वह्या तपासत होते, मान वर न करता म्हणाले, "मॅडम, मोबाईलवर आजार हुडकला की माणूस दुपारपोतर मरतंयच." मी वाचत होते. डोळ्याच्या नाकाकडल्या कोपऱ्यात एक बारीक भोक असतं. जास्तीचं औषध तिथून नाकात उतरतं, नाकाच्या ओल्या अस्तरातून थेट रक्तात जातं. हृदयाचे ठोके सावकाश होतात. दम लागतो. चक्कर येते, पडायला होतं. वयस्कर माणसांत थकवा, उदासी, बोलणं कमी होणं.

बोलणं कमी होणं. मी मोबाईल पालथा ठेवला, जसं काही त्यानं मला बघितलं असतं.

माय गेल्या डिसेंबरात गेली, चार तारखेला. त्यानंतर आबा हळूहळू बसत गेले. मार्चपर्यंत त्यांचं कट्ट्यावर जाणं थांबलं. मग पेपर वाचणं. मग जेवताना मध्येच घास हातात धरून बसणं. पायऱ्या चढताना मध्ये थांबायचे, मी विचारलं की म्हणायचे, "काय न्हाय, दम खातो." मोरीत दोनदा पडले. पहिल्यांदा मी चपलेला दोष दिला, दुसऱ्यांदा फरशीला. आणि बाकी सगळ्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. पंचावन्न वर्षांचा संसार, जोडीदार गेल्यावर माणूस असाच विझतो, असं मी लोकांना सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला त्यात एक समाधानही होतं. मायच्या मागं कुणीतरी इतकं झुरतंय हे मला बरं वाटायचं. मी लग्न केलं नाही. असलं झुरणं मी फक्त घरात बघितलं. आता स्टाफरूमच्या पंख्याखाली बसून मला वाटलं, ते झुरणं नव्हतंच की काय? दिवसाला आठ थेंब मी माझ्या हातानं घालत होते आणि त्याला मायचं दुःख म्हणत होते?

घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. आबा फोन उशीशी ठेवतात, पहिल्या नाही तरी तिसऱ्या वेळेला उचलतात. पाच वेळा लावला. मग शेजारच्या दैवशालाबाईंना लावला. त्या म्हणाल्या, थांबा, बघते, आणि फोन चालूच ठेवून निघाल्या. मला त्यांच्या चपलांचा आवाज, फाटकाची कडी, मग दारावर थापा, सगळं ऐकू येत होतं. "कोंडिबा काका. ओ काका." थापा. "मॅडम," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आतनं कडी हाय. खिडकीतनं दिसायलेत. खाली बसल्यात भिंतीला. पन बोलंनात बघा." मी म्हणाले, "डोळे उघडे आहेत का?" त्या म्हणाल्या, "उघडेच हायती." मी कुमार सरांना काय सांगितलं ते आठवत नाही. ते वह्या तशाच टाकून उठले आणि त्यांनी मला मोटरसायकलवर घेतलं.

त्या वाटेवर मला माय दिसत होती, आणि ती मला नको होती. माय असताना औषध तीच घालायची. भिमाबाई, तिला अक्षर येत नव्हतं, बाटली ओळखायची ती निळ्या बुचावरून. सकाळी साडेसहाला बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली की आबांना शेजारी बसवायची, एक थेंब उजव्यात, एक डाव्यात, आणि म्हणायची, "मिटा आता." मग दोन बोटांवर पदर गुंडाळून आबांच्या नाकाशी, दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यात धरून बसायची. आबांचं त्रिशरण, पंचशील सगळं होईपर्यंत. थेंब नाकात उतरला की आबांना शिंका यायच्या, आणि वंदनेत शिंकणं मायला खपत नव्हतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. मला ते बघून हसू यायचं. म्हातारा-म्हातारीचे लाड, असं मी म्हणायचे. माय गेल्यावर मी आठवडाभर तसं केलं असेन. मग साडेसहाला माझी कणीक मळायची असते, वंदना आबा एकटे करू लागले, आणि औषध सरकत सरकत आठ वाजून दहावर आलं, दारात, उभ्या-उभ्या. पदर गेला. मिटलेले डोळे गेले. एकाचे दोन थेंब झाले. मी बी. एस्सी. आहे, आणि तीन वर्षं ज्या बाईनं त्या माणसाला निळ्या बुचाच्या बाटलीतून सुखरूप सांभाळलं, तिचं सगळं मी आठ दिवसांत मोडीत काढलं. मोटरसायकलवर वारा डोळ्यांत जात होता आणि घशाला अजून कडू लागत होतं.

फाटकात दैवशालाबाई आणि आणखी दोघी उभ्या होत्या. कुणीतरी कटावणी आणायला गेलं होतं. मी दाराला तोंड लावून हाक मारली, "आबा." काही नाही. "आबा, मी आलेय. श्रावस्ती." आतून कापड फरशीवरून ओढल्यासारखं वाजलं. थांबलं. परत वाजलं. मग कडीला हात लागला, कडी हलली, हात निसटला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की उठू नका, आहात तसे बसा, पण दार उघडायचं तर त्यांनीच उघडायचं होतं. कडी निघाली तेव्हा आबा दाराच्या मागंच गुडघ्यांवर होते. चेहरा मातकट, कपाळाला घाम. "उठावं वाटंना ग," ते म्हणाले, माफी मागावी तसं. मी त्यांचं मनगट धरलं. एक. मग काहीच नाही. काहीच नाही. मग दुसरा. मिनिटाला एक्केचाळीस.

दवाखान्यातल्या डॉक्टर वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनी शोभतील अशा होत्या. त्यांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली, बाटली बघितली, आणि विचारलं, "किती थेंब घालता?" मी सांगितलं. "दोन कुणी सांगितले?" मी म्हणाले, "कुणी नाही. मीच." त्या मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं, मी पोरांना समजावते तसं. डोळ्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, दुसरा तर सगळाच वाहून नाकात जातो. गोळी गिळली असती तर आधी यकृतानं तिचा जोर कमी केला असता. नाकातून गेलेलं औषध तसं थांबत नाही, सरळ हृदयापर्यंत पोचतं. हे थेंब आजपासून बंद, डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून दुसरे देऊ. पण बंद करून भागणार नाही, दाब वाढला तर नजर जाईल आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून नवे घालायचेच, एकच थेंब, डोळे मिटून, आणि इथं, नाकाशी, बोटानं दोन-तीन मिनिटं दाबून धरायचं. त्यांनी माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. माझी नाडीही त्यांनी बघितली, म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, तुमच्या डॉक्टरांना फोन करा. मी मान हलवली. घाबरण्यासारखं काय आणि काय नाही, हे आता मला कुणाच्या सांगण्यावरून ठरवता येत नव्हतं. आबा खाटेवरून म्हणाले, "म्या म्हनलं न्हवतं? चारी हाय म्हनून." मी म्हणाले, "व्हय आबा." त्यांच्या बोलीत मी किती वर्षांनी बोलले होते.

दोन दिवसांनी त्यांना घरी आणलं. मी रजा टाकली आणि मोजत बसले. सकाळी पन्नास. दुपारी चोपन्न. दुसऱ्या दिवशी साठ. ठोके वाढत होते आणि माझी भीती कमी व्हायला हवी होती, पण तिनं फक्त जागा बदलली. आबा आता पायऱ्या न थांबता चढले. पेपर मागून घेतला. पोहे कोरडे झालेत म्हणाले. मी आनंदानं स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले, कारण मला वाटलं, हा माणूस आता बरा होईल आणि मायला विसरलेला निघेल. आठ महिने जे दुःख मी उराशी धरलं ते बाटलीतलं होतं, आणि बाटली बदलली की ते संपलं. असं वाटणं वाईट आहे. पण वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला मी मेणबत्ती लावली. कणीक नंतर मळता येते. आबांना मूर्तीसमोर भिंतीला टेकवून बसवलं. नव्या बाटलीतला एक थेंब उजव्यात, एक डाव्यात. "मिटा आता," मी म्हणाले, आणि दोन बोटांवर ओढणी गुंडाळून दोन्ही कोपऱ्यांत धरली. मोजायला सुरुवात केली. तीन मिनिटं म्हणजे एकशे ऐंशी. आबा म्हणू लागले, बुद्धं सरणं गच्छामि. धम्मं सरणं गच्छामि. आणि थांबले. दुसऱ्या हातानं मी त्यांचं मनगट शोधलं. ठोके होते, भरभर होते, गेल्या आठ महिन्यांत नव्हते इतके. मग ओढणी ओली झाली.

"तुझी माय असंच धरायची," आबा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "शिंकू न्हाय म्हनून." खांदे हलायला लागले. माय गेली त्या दिवशी हा माणूस रडला नव्हता, आल्यागेल्याला चटई टाकत होता. नंतर तर रडायलाही अंगात काही लागतं, ते मी उरू दिलं नव्हतं. आता पाणी माझ्या बोटांवरून त्यांच्या मिशीत चाललं होतं, आणि मला काय सुचावं? औषध वाहून जातंय. दुसरा थेंब घालायचा नाही. न घालावा तर नजर जाईल. मी बोटं आणखी घट्ट दाबली आणि म्हणाले, "आबा, रडू नका, थेंब वाहून जातोय."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, कालव्यावरच्या गेटच्या लोखंडी चाकावर ठेवायचे तसा. "गेट सोड, बाई," ते म्हणाले. "ह्ये औषधाचं पानी न्हाय."

मी बोटं काढली. मोजत कुठवर आले होते, ते विसरले.